फळीला पर कुठे लावायचा आणि किती अंशात? (इयत्ता पाचवी : कोन, मापन आणि थोडं विज्ञान)



पाचवीला ‘कोन’ शिकवताना तुमच्याही वर्गात हा प्रश्न आलाच असेल, “बाई, हे कोन मोजून करायचं काय?” मी दरवर्षी ठरलेली उत्तरं द्यायचे. घराचं छप्पर, घड्याळाचे काटे, दरवाजा, कात्री. मुलं मान डोलवायची आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायची. यंदा मात्र उत्तर एका फोनवरून आलं, आणि तेही समुद्राकाठून. त्याचाच हा पाठ. माझी यात एक ठळक चूक झाली, तीही लिहिते, कारण पाठाचा अर्धा भाग त्या चुकीतूनच निघाला.

माझी बहीण देवगडकडे दिली आहे. तिचा मुलगा, माझा भाचा, एकोणीस वर्षांचा. त्याने मित्रांबरोबर घरीच सर्फबोर्ड करायला घेतला. सर्फबोर्ड म्हणजे लाटेवर उभं राहून घसरत यायची लांबट फळी. विकत घ्यायची तर परवडत नाही, म्हणून पॅकिंगचा जाड थर्माकोल, मधे प्लायवूडची पट्टी आणि वरून फायबर. पहिला प्रयत्न वाया गेला होता. होडीच्या कामाला वापरतात ते पॉलिस्टर रेझिन लावलं आणि थर्माकोल विरघळून खड्डे पडले. मग कोणीतरी सांगितलं, थर्माकोलवर इपॉक्सी रेझिन लागतं. दुसरी फळी नीट झाली. आता खाली पर बसवायचे राहिले होते. त्याला ते लोक ‘फिन’ म्हणतात. माशाला पर असतात तसे, फळीच्या पोटाला शेपटीकडे बसवलेले पातळ पाते.

त्याचा फोन, “मावशी, तू गणित शिकवतेस ना? बाजूचे फिन जरा तिरके असतात. किती अंशात बसवू? आणि शेपटीपासून किती लांब?”

आता मी नातेपुत्याची. समुद्र आमच्यापासून अख्खा सह्याद्री ओलांडून पलीकडे. पाणी म्हणजे आम्हाला तालुक्यातून जाणारा नीरा उजवा कालवा, शेततळं, नाहीतर टँकर. मी म्हटलं, “चार दिवस थांब. वर्गाला विचारून सांगते.” तो हसला. पण मी खरंच वर्गाला विचारलं.

पाठाचा उद्देश

- कोन म्हणजे दिशेतला फरक, हे हाताने करून कळावं.
- एका वेळी एकच गोष्ट बदलून बाकी सगळं सारखं ठेवायची सवय लागावी.
- कोनमापक जिथे पुरत नाही तिथे अंतर मोजून कोन कसा काढायचा, ते समजावं.

साहित्य

जुन्या पॅकिंगमधला थर्माकोल (साधारण ३० सेंमी लांब, ८ सेंमी रुंद, २ ते ३ सेंमी जाड असे तुकडे), आइस्क्रीमच्या डब्यांची प्लास्टिकची झाकणं (पर कापायला, प्रत्येकी ४ सेंमी × ३ सेंमी), जाड रबर, स्केचपेन, पट्टी, कोनमापक. चिरा पाडायचं काम शिक्षकांनीच करावं. ब्लेड मुलांच्या हातात नको.

पाण्यासाठी आम्ही चार बाकं आडवी पाडून चौकोन केला आणि त्यात ताडपत्री अंथरली. आतली जागा अडीच मीटर लांब, १.२ मीटर रुंद. पाणी फक्त १० सेंमी. मुलांनी आधी गणित केलं, २.५ × १.२ × ०.१ म्हणजे ०.३ घनमीटर, म्हणजे ३०० लिटर. हे गणित मुद्दाम करून घ्या. का ते पुढे सांगते.

पहिला तास : सगळ्याच फळ्या सरळ गेल्या!

आम्ही चार फळ्या केल्या. एकीला पर नाही. एकीला पर पुढे नाकाजवळ, एकीला मधोमध, एकीला मागे शेपटीजवळ. मुलांनी वहीत आधी अंदाज लिहिले. बहुतेकांनी लिहिलं, “पुढे लावला तर चांगली चालेल.” कारण विचारलं तर म्हणाली, “सायकलचं हँडल पुढंच असतंय की.” चुकीचं असलं तरी कारण देऊन मांडलेलं उत्तर आहे ते. मला आवडलं.

मग मी प्रत्येक फळीच्या नाकाला दोरा बांधला आणि पलीकडून ओढला. पर नसलेली फळी सरळ आली. पुढे पर असलेली सरळ आली. मागे असलेली तर आलीच. तिरका पर लावलेली पाचवी फळी किंचित हेलकावली, पण तीही आलीच.

मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी निष्कर्ष फळ्यावर लिहिला, “परामुळे फारसा फरक पडत नाही.” आणि त्याच संध्याकाळी भाच्याला फोनवर सांगूनही टाकलं, “अरे, डोळ्याला सरळ दिसेल असं बसव. अंशाबिंशाचं एवढं काही नाही.” आम्हा शिक्षकांच्या आवाजात एक खात्री असते ना, त्या खात्रीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, हळूच म्हणाली, “बाई, फळी सरळ जात नव्हती. दोरा तिला सरळ ओढत होता. शेळीला दाव्यानं ओढली की ती पण सरळच येती. सोडली की कळतंय कुठं जाती ते.”

मी फळ्यावरचं वाक्य तिच्या हातानेच पुसायला लावलं. खूप दिवसांनी वर्ग इतका गप्प झाला होता. नाकाला दोरा बांधून ओढलं की फळी दोऱ्याच्या मागे येणारच. तपासायचं होतं ते आम्ही दोऱ्याने झाकून टाकलं होतं. लाटेवर फळीला कोणी नाकाला धरून ओढत नसतं. ती मोकळी घसरत असते.

दुसरा तास : सोडून बघूया

आता दोरा काढला. दोन बाकांच्या पायांना जाड रबर ताणून बांधलं. फळीची मागची कड रबराच्या बरोबर मधोमध टेकवायची, खुणेपर्यंत मागे ओढायची आणि सोडायची. प्रत्येक फळीला खूण तीच आणि रबरही तेच. मुलांना वाक्य पाठ झालं, “बदलायचं एकच, बाकी सगळं तेच.” प्रत्येक फळी दहा वेळा सोडली, कारण एकदा सोडून काही कळत नाही. आम्हाला दिसलं ते असं.

पर नसलेली : कधी डावीकडे, कधी उजवीकडे, बऱ्याचदा आडवी होऊन घसरत जायची. काही भरवसा नाही.

पर पुढे : थोडं पुढे जाऊन गर्रकन वळायची, शेपूट पुढे यायला बघायची. मुलांना हीच सगळ्यात जास्त आवडली!

पर मधोमध : आडवी घसरणं कमी झालं, पण नाक कुठेही वळायचं.

पर मागे : सरळ. थोडी तिरकी सोडली तरी आपली आपण सुधारून पुढे जायची.

असं का होतं? मुलांना सांगायची पद्धत

फळीच्या साधारण मध्यावर एक खिळा ठोकलाय आणि फळी त्याच्याभोवती फिरते आहे असं समजा. धावता धावता नाक जरा उजवीकडे गेलं. म्हणजे शेपूट डावीकडे गेली. फळीचा वेग अजून समोरच्याच दिशेने आहे, त्यामुळे पाणी आता पराच्या डाव्या अंगावर आदळतं आणि पराला उजवीकडे ढकलतं. पर मागे असेल तर शेपूट उजवीकडे येते, म्हणजे नाक पुन्हा सरळ होतं. पर पुढे असेल तर तोच धक्का नाकालाच उजवीकडे ढकलतो, म्हणजे बिघडलेलं आणखी बिघडतं. धक्का तोच, पण जागा बदलली की परिणाम उलटा. बाणाला पिसं मागच्या टोकाला का असतात, त्याचं उत्तरही यातच आहे.

आणि किती मागे? वर्गाचं दार दाखवा. बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो, कडीजवळ ढकललं तर एका बोटाने हलतं. पर जितका लांब मागे, तितका त्याचा जोर जास्त चालतो, म्हणून फळी जास्त सरळ राहते, पण वळवायला जड जाते. पर थोडा पुढे घेतला की फळी चटकन वळते, पण थोडी चंचल होते. अमुक जागा चांगली आणि तमुक वाईट असं नाही. शिकणाऱ्याला सरळ चालणारी लागते, सरावलेल्याला वळणारी.

आमच्याकडची बरीच मुलं वारीच्या वेळी किंवा एरवी पंढरपूरला चंद्रभागेत होडीत बसलेली असतात. कोकणातल्या होडीला मागे सुकाणू असतं, ते चित्र दाखवून विचारा, “सुकाणू पुढे का नाही?” आता मुलंच सांगतील. त्याच होड्यांना बाजूला लाकडाची उलांडी असते, ती होडी कलंडू नये म्हणून. उलांडीचं काम वेगळं, सुकाणूचं वेगळं. ते दोन्ही एका चित्रात दाखवले तर गोंधळ होत नाही.

एक गंमत जरूर सांगा. हवाईच्या लोकांना लाटांवर घसरण्याची कला फार जुन्या काळापासून येत होती, पण त्यांच्या लाकडी फळ्यांना खाली पर नव्हता. वळायचं तर पाय पाण्यात घालून ओढायचे. फळीला पर लावला तो टॉम ब्लेक नावाच्या माणसाने, १९३५ मध्ये. त्यासाठी त्याने एका जुन्या स्पीडबोटीच्या तळाचं धातूचं पातं वापरलं. म्हणजे भंगारातूनच शोध लागला! पुढे ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने एकाऐवजी तीन पर बसवलेली फळी केली आणि १९८१ मध्ये तिच्यावर मोठ्या स्पर्धा जिंकून दाखवल्या. आज जगात बहुतेक छोट्या फळ्यांना तीन पर असतात, दोन बाजूला आणि एक मागे मधोमध. भाच्याला बसवायचे होते ते हेच तीन.

तिसरा तास : आता कोन

एक नवी फळी घेतली. मागे एकच पर, पण मधल्या रेषेशी १० अंशांचा कोन करून. पराची मागची कड उजवीकडे वळवली. सोडण्याआधी विचारलं, “फळी कुठे वळेल?” अर्धा वर्ग डावीकडे म्हणाला. फळी गेली उजवीकडे. पाणी वळलेल्या पराला डावीकडे ढकलतं, शेपूट डावीकडे जाते, म्हणून नाक उजवीकडे. हे बोटांनी हवेत करून दाखवलं तर लगेच पटतं.

मग दोन पर, दोन्ही कडांना एकेक. दोन्हींची पुढची टोकं आत, मधल्या रेषेकडे वळलेली, दोन्ही १० अंशात. फळी सरळ गेली, पण कमी अंतर गेली. डावीकडचा धक्का आणि उजवीकडचा धक्का एकमेकांना खोडतात, पण पाणी अडवण्यात वेग खर्च होतो.

शेवटी उजवा पर १० अंशात आणि डावा ५ अंशात. फळी दर वेळी उजवीकडे ओढायला लागली. ज्या बाजूचा कोन जास्त, त्या बाजूला नाक वळतं.

इथे ज्याचे वडील गॅरेजमध्ये आहेत तो मुलगा उभा राहिला. “बाई, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना असंच करत्यात. पुढनं अंतर कमी, मागनं जरा जास्त. पप्पा टेप लावून बघत्यात. एका बाजूला चुकलं की स्टिअरिंग ओढतंय.” अगदी बरोबर. त्याला गॅरेजवाले ‘टो-इन’ म्हणतात आणि सर्फबोर्ड करणारेही तोच शब्द वापरतात! ज्याला भागाकार नकोसा वाटतो, त्या मुलाने त्या दिवशी वर्गाला टो-इन शिकवलं.

मग बाजूचे पर तिरके ठेवायचेच कशाला, दोन्ही सरळ का नाहीत? कारण लाटेवर माणूस वळताना फळी एका कडेवर कलवतो. उजवीकडे कलवली की उजवा पर पाण्यात खोल जातो आणि डावा वर येतो. मग खोडायला समोरचा धक्का उरत नाही. एकटा उजवा पर शेपटीला डावीकडे ढकलतो आणि फळी उजवीकडे वळते. म्हणजे सरळ जाताना जो कोन थोडा वेग खातो, तोच वळताना कामाला येतो.

कोनमापक पुरत नाही तेव्हा : सूत

आता खरी अडचण. वर्गातल्या छोट्या फळीला आम्ही १० अंश दिले, कारण एवढ्या हळू वेगाला त्याहून कमी दिलं तर फरक दिसत नव्हता. खऱ्या फळीला १० अंश दिले तर ती पाणीच अडवत बसेल. तिथे बाजूच्या परांचा कोन साधारण दीड ते तीन अंश असतो. आपल्या कोनमापकावर एक अंश म्हणजे दोन बारीक रेघांमधली जागा. पेन्सिलीची रेघ जाड आली तरी तेवढी चूक होते.

म्हणून कारागीर कोन मोजत नाहीत, अंतर मोजतात. पराचा तळ साधारण ११५ मिमी लांब असतो. आता मुलांकडून हे करून घ्या. ११५ मिमीची आडवी रेघ काढा. तिच्या एका टोकाला २ मिमी वर खूण करा. दुसऱ्या टोकापासून त्या खुणेला जोडा. किती कोन झाला? १ अंश. ४ मिमी वर घेतलं तर २ अंश. ६ मिमी तर ३ अंश. म्हणजे या लांबीला २ मिमी म्हणजे १ अंश. पट्टीवर २ मिमी सहज दिसतात.

पराच्या पुढच्या टोकापासून मधल्या रेषेपर्यंतचं अंतर आणि मागच्या टोकापासूनचं अंतर, या दोन मापांतला फरक म्हणजेच आपला कोन.

आपल्या सुतारांकडे यासाठी जुना शब्द आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. खऱ्या फळीवर हा फरक एक सूत ते दोन सूत ठेवतात, म्हणजे साधारण ३ ते ६ मिमी. गावातल्या सुताराला “तीन अंश तिरकं कर” म्हटलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघेल. “पुढून दोन सूत आत घे” म्हटलं की हात चालू.

हुशार मुलांना पुढचा प्रश्न द्या. २ मिमीला १ अंश, तर ४५ अंशांना ९० मिमी लागतील का? करून बघायला सांगा. ११५ मिमी लागतात. १० अंशांपर्यंत नियम छान चालतो, पुढे हळूहळू मोडतो. नियम कुठपर्यंत चालतो हे तपासणं हाही अभ्यासच.

खऱ्या फळीची मापं (माहितीसाठी)

साधारण सहा फुटी, तीन परांच्या फळीसाठी रूढ मापं अशी असतात.

- मागचा पर : बरोबर मधल्या रेषेवर, कोन शून्य, सरळ उभा. त्याची मागची कड शेपटीच्या टोकापासून साधारण ९ सेंमी.
- बाजूचे पर : मागची कड शेपटीपासून साधारण २८ सेंमी, फळीच्या कडेपासून ३ सेंमी आत.
- आत वळण (टो-इन) : एक ते दोन सूत.
- बाहेर कल : बाजूचे पर अगदी काटकोनात उभे नसतात. ते बाहेरच्या बाजूला साधारण ५ ते ८ अंश झुकलेले असतात. हा कोन मात्र पुठ्ठ्याचा साचा कापून तपासता येतो.

ही मापं वर्गातल्या थर्माकोलच्या प्रयोगातून आलेली नाहीत, हे मुलांना स्पष्ट सांगा. छोट्या फळीने आपल्याला दिशा कळते, म्हणजे मागे की पुढे, सारखं की कमीजास्त. आकडे मात्र वर्षानुवर्षं फळ्या करणाऱ्यांच्या हातून आलेले आहेत. प्रयोगाने किती सिद्ध झालं आणि किती नाही, हे सांगणं मला पहिल्या तासानंतर फार महत्त्वाचं वाटायला लागलं.

भाच्याला परत फोन

तिसऱ्या तासानंतर मी मधल्या सुट्टीत, मुलांसमोरच, फोन लावला. “मी परवा सांगितलं ते चूक होतं. पर चिकटवलेस का?” सुदैवाने अजून फक्त चिकटपट्टीने धरले होते, रेझिन संध्याकाळी लावणार होता. मुलांनी त्याला मापं घ्यायला लावली. आधी नाकापासून शेपटीपर्यंत सुताने मधली रेषा आखायची. मग प्रत्येक पराच्या मागच्या आणि पुढच्या टोकापासून त्या रेषेपर्यंतचं अंतर, गुण्या लावून.

डावा पर : मागे १५५ मिमी, पुढे १५३.
उजवा पर : मागे १५५ मिमी, पुढे १४९.

फोन स्पीकरवर होता. आकडे फळ्यावर लिहायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, “डावा एक अंश, उजवा तीन! उजवीकडं वढणार!” पलीकडून भाचा म्हणाला, “पण दिसायला तर दोन्ही सारखेच आहेत गं मावशी.”

दिसायला सारखेच होते. “डोळ्याला सरळ दिसेल असं बसव” हे मीच त्याला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तो पर चिकटले असते तर ते फोडून काढणं म्हणजे तळ खराब करणं. फळी एकदा वाया गेली होतीच. पैसे तर जायचेच, वर समुद्रात सतत एका बाजूला ओढणारी फळी म्हणजे शिकणाऱ्याला उगीच धोका.

वर्गाने त्याला सांगितलेलं उत्तर माझ्या मूळ प्रश्नापेक्षा चांगलं होतं. तो विचारत होता, किती अंश? मुलं म्हणाली, “एक सूत घे नाहीतर दोन सूत घे, पण दोन्हीकडं सारखं घे.” एखादा अंश इकडेतिकडे चालेल, पण डावं-उजवं वेगळं चालणार नाही. तपासायची युक्तीही त्यांनीच सुचवली. दोन्ही परांच्या तळाला लांब सूत लावून नाकापर्यंत ताणायचं आणि तिथे दोन्ही सुतं मधल्या रेषेपासून सारख्याच अंतरावर येतात का बघायचं. इतक्या लांब गेल्यावर लहानशी चूकही मोठी दिसते.

त्याने पुन्हा मोजून दोन्हीकडे ४ मिमी ठेवले आणि मग रेझिन लावलं. परांच्या धारा घासून बोथट करायला सांगितल्या, कारण पडल्यावर फळी उलटून अंगावर येते आणि धारदार पर कापतो. बहिणीचं म्हणणं, फळी आता सरळ जाते, मुलगा मात्र अजून पडतो. ते शिकायला कोनमापक उपयोगी नाही.

वर्गात घेताना काही सूचना

१. अंदाज आधी लिहून घ्या आणि तो खोडू देऊ नका. शेजारी निरीक्षण लिहायचं. चुकलेल्या अंदाजाला लाल शेरा नको.

२. तिरके पर लावायचे तर प्रत्येक कोनासाठी वेगळी फळी करा. एकाच चिरेत पुन्हा पुन्हा कोन बदलला की चीर सैल होते आणि पर डगमगतो.

३. रबर मधोमध टेकलं आहे का, यासाठी एक मूल फक्त तेवढंच बघायला ठेवा. बाजूला टेकलं की फळी वळते आणि दोष परावर जातो.

४. तुमचा निष्कर्ष चुकला तर तो मुलांसमोर पुसा. डीएडला असताना आम्हाला पाठ टाचणात ‘निष्कर्ष’ आधीच लिहून न्यायची सवय होती. पाणी आपलं टाचण वाचत नाही.

पालकांसाठी

पहिल्याच दिवशी एक पालक दारात उभे राहून म्हणाले, “बाई, प्यायच्या पाण्याचे हाल आणि तुम्ही पोरांना होड्या खेळवताय?” त्यांचा राग खोटा नव्हता. उन्हाळ्यात त्यांच्या वस्तीवर टँकर येतो. मी मुलांनाच उत्तर द्यायला सांगितलं. ज्यांनी ३०० लिटरचं गणित केलं होतं त्यांनी सांगितलं, पाणी तीन दिवस तेच वापरलं आणि शेवटी बादल्यांनी शाळेच्या झाडांना घातलं. कोणत्या झाडाला किती बादल्या, तेही वहीत लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी तेच पालक ताडपत्रीचं एक टोक धरून पाणी काढायला मदत करत होते. त्यामुळे पाण्याचा हिशोब या पाठाचाच भाग धरा, वेगळा नको.

दुसरं, आणि हे कृपया मनावर घ्या. हा खेळ घरी टबात, परातीत, पाळीव जनावरांच्या उथळ टाकीत मोठ्या माणसांसमोर करावा. कालवा, विहीर, शेततळं इथे अजिबात नाही. शेततळ्याचा प्लास्टिक कागद निसरडा असतो, आत पडलेल्याला वर येता येत नाही. मुलांना नुसतं “जाऊ नका” म्हणू नका, कारण सांगा. आणि तुमच्या नात्यातलं कोणी समुद्राकाठी असा छंद करत असेल तर त्यालाही सांगा, पोहता येणं आधी, फळी नंतर. पावसाळ्यात तर नाहीच. १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा बंद असते.

स्वाध्याय

१. पर नसलेली फळी आडवी का होते? चित्र काढून बाण दाखवा.

२. पराचा तळ ११५ मिमी आहे. मागे १६० मिमी, पुढे १५५ मिमी अंतर आहे. कोन साधारण किती? किती सूत?

३. डावा पर ३ अंश, उजवा पर २ अंश. फळी कोणत्या बाजूला ओढेल?

४. तुमच्या घरातल्या किंवा गावातल्या तीन वस्तू शोधा, ज्यांना दिशा देणारा भाग मागे असतो.

५. घरातल्या मोठ्यांना विचारा : सुतार, गवंडी, गॅरेजवाले कोनमापक न वापरता कोन कसा बघतात? एकाची पद्धत लिहून आणा.

पाचव्या प्रश्नाला आमच्या वर्गात गुण्या आला, ओळंबा आला, गवंड्याची तीन-चार-पाचची दोरी आली. ‘कोन मोजून करायचं काय’ हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारला नाही. तुमच्या वर्गात करून बघा आणि काय वेगळं दिसलं ते नक्की कळवा. माझा निष्कर्ष पुन्हा पुसावा लागला तरी हरकत नाही.